सल्ला कोणाचा, सही कोणाची?

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत टीव्हीवर सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कोणतं, असं मला कोणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन, "तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार हा निर्णय घेण्यात आला आहे." दुकानं बंद झाली ती तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार आणि उघडली तीही तज्ज्ञांच्याच सल्ल्यानुसार! आमची बॅच म्हणजे २०२१ ची दहावी. त्या वर्षी महाराष्ट्रात बोर्डाची परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. परीक्षा होणार की नाही, हे घरातले सगळे रोज एकमेकांना विचारायचे. पण हे तज्ज्ञ म्हणजे नक्की कोण? ते बसतात कुठे? त्यांना प्रश्न कोण विचारतं? आणि त्यांनी "हो" म्हटलं पण मंत्र्यांनी "नाही" म्हटलं, तर पुढे काय होतं? हे कोणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

मंडळी, साथीचा रोग म्हटला की तो मेडिकलवाल्यांचा प्रांत, आपला काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. पण "अपुऱ्या माहितीवर, घाईत, चुकीला जागा नसताना निर्णय कसा घ्यायचा" हा प्रश्न आपल्या शाखेचाही आहे. म्हणून वेगवेगळ्या देशांतली सरकारं आरोग्याच्या आणीबाणीत शास्त्रज्ञांचा सल्ला कसा घेतात, ते समजून घेऊन इथे मांडतोय.

सेट पॉइंट कोण ठरवतं?

इन्स्ट्रुमेंटेशनच्या मुलांना एक ब्लॉक डायग्राम झोपेतही काढता येतो. सेन्सर मोजतो, कंट्रोलर हिशोब करतो, व्हॉल्व्ह हलतो, पुन्हा सेन्सर मोजतो. या चौकटींत एक बाण बाहेरून आत येतो, त्याचं नाव सेट पॉइंट. टाकीचं तापमान ८० अंशांवर ठेवायचं असेल तर ते कसं ठेवायचं, हे कंट्रोल इंजिनिअर सांगेल. पण ८० च का, ७० का नको, हे त्याच्या समीकरणात नसतं. ते प्लांट चालवणाऱ्याने ठरवायचं असतं.

साथीचंही तसंच आहे. शाळा बंद ठेवल्या तर संसर्ग साधारण किती कमी होईल आणि त्या अंदाजात किती चूक असू शकते, हे शास्त्रज्ञ सांगू शकतात. पण संसर्ग तेवढा कमी करण्यासाठी किती मुलांचं शिक्षण बुडालेलं चालेल, किती हातगाडीवाल्यांचा धंदा बसलेला चालेल, याचं उत्तर कुठल्याच सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. तो सेट पॉइंट आहे. तो ज्यांना आपण निवडून देतो आणि पुढच्या वेळी घरीही पाठवू शकतो, त्यांनी ठरवायचा.

म्हणजे सल्ला ही एक चौकट आणि निर्णय ही दुसरी. दोन्ही लागतातच, आणि दोघींना जोडणारी वायर सगळ्यांना दिसेल अशी असावी लागते. माझ्या मते या सगळ्या विषयाचं सार एवढंच आहे. जिथे जिथे या दोन चौकटी एकमेकींत मिसळल्या किंवा मधली वायर लपली, तिथे लोकांनी त्याची किंमत मोजली. आता उदाहरणं पाहू.

चार कलमांचा कायदा

सुरुवात आपल्याच घरापासून. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. ४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारने साथरोग कायदा केला. हा कायदा फक्त चार कलमांचा होता. सरकारला योग्य वाटतील ते उपाय करण्याची मुभा त्यात होती आणि त्यानुसार काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना संरक्षणही होतं. पण उपाय ठरवण्याआधी कोणा जाणकाराला विचारावं, कारणं लोकांना सांगावीत, याबद्दल एक अक्षर नव्हतं. चौकट एकच, तीही निर्णयाची. पुण्यात रँडच्या कारभारात सोल्जर घराघरांत शिरले आणि २२ जून १८९७ ला काय घडलं, ते आपण शाळेत शिकलोय.

त्याच काळात ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन प्लेगची लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे ही लस लाखो लोकांना दिली गेली. मग १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. सगळा ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांचं काम काढून घेतलं गेलं. त्या १९ जणांची लस एकाच बाटलीतली होती. ती बाटली प्रयोगशाळेत नव्हे, तर गावात उघडताना दूषित झाली असावी, हे मान्य होऊन त्यांच्यावरचा डाग पुसायला १९०७ साल उजाडलं. आज परळच्या संस्थेला त्यांचं नाव आहे, पण ती पाच वर्षं काही परत आली नाहीत. कोणाची जबाबदारी कुठे संपते, हे आधी लिहून ठेवलं नसेल तर शेवटी सल्ला देणाराच सापडतो!

हाच कायदा १२३ वर्षांनी, २०२० मध्ये, कोविडसाठी बाहेर काढला गेला. त्याच्या जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा होता. त्यात निदान तज्ज्ञांची सल्लागार समिती नेमता येईल अशी तरतूद आहे.

ब्रेक नसलेली गाडी

आता अमेरिकेत जाऊ. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स या लष्करी तळावर डुकरांच्या फ्लूसारखा एक विषाणू सापडला. एक सैनिक दगावला होता. १९१८ च्या महाभयंकर फ्लूची आठवण जाणकारांच्या मनात होतीच. रोगनियंत्रण केंद्राचे प्रमुख डेव्हिड सेन्सर यांनी वर शिफारस पाठवली की सगळ्या देशाला लस द्यावी. २४ मार्च १९७६ ला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी तशी घोषणा केली. त्या दिवशीच्या बैठकीला पोलिओ लसवाले साल्क आणि सेबिन असे दोघंही दिग्गज हजर होते. यापेक्षा भारी तज्ज्ञ कुठून आणणार?

लसीकरण ऑक्टोबरमध्ये सुरू झालं आणि चार कोटींहून जास्त लोकांनी लस घेतली. साथ मात्र आलीच नाही. उलट लस घेतलेल्या काही जणांमध्ये गियाँ-बारे सिंड्रोम दिसू लागला. हाच तो जीबीएस, ज्याचं नाव जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड परिसरातल्या उद्रेकामुळे घराघरांत पोचलं (तिथे कारण वेगळं होतं, दूषित पाण्याचा संशय होता). १६ डिसेंबर १९७६ ला अमेरिकेतली मोहीम थांबवावी लागली.

पुढे सरकारनेच नॉयश्टाट आणि फाइनबर्ग या दोघांना या प्रकरणाचा अभ्यास करायला सांगितलं. त्यांचा अहवाल १९७८ मध्ये आला. त्यातला मुद्दा आपल्याला लगेच पटण्यासारखा आहे. लस तयार करणं आणि लस टोचणं हे दोन वेगळे निर्णय होते. पहिला मार्चमध्येच घेणं भाग होतं, कारण तयार करायला महिने लागतात. दुसरा थांबू शकला असता. लस तयार करून शीतगृहात ठेवायची आणि साथ खरंच पसरतेय असं दिसलं तरच काढायची, असा मधला मार्ग होता. सेबिन यांनीही नंतर तीच बाजू घेतली. पण शिफारस एकगठ्ठा गेली आणि सहीसुद्धा एकगठ्ठा झाली. "काय दिसलं तर आपण आपलं मत बदलू?" हा प्रश्न आधी लिहून ठेवला गेला नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर गाडीला ॲक्सिलरेटर होता, पण ब्रेक कुठे आहे ते कोणी पाहिलंच नव्हतं.

अर्धं वाक्य

तिसरी गोष्ट ब्रिटनची. १९८६ मध्ये तिथल्या गायींमध्ये एक नवा मेंदूचा रोग ओळखला गेला, बीएसई. पेपरवाल्यांनी त्याला "मॅड काऊ" नाव दिलं. माणसाला यापासून धोका आहे का, हे सांगण्यासाठी १९८८ मध्ये ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड साउथवुड यांच्या अध्यक्षतेखाली एक छोटी समिती नेमली गेली. फेब्रुवारी १९८९ च्या अहवालात तिने दोन गोष्टी लिहिल्या. एक, माणसाच्या आरोग्यावर परिणाम होण्याची शक्यता फारच कमी वाटते. दोन, हा अंदाज चुकला तर परिणाम अत्यंत गंभीर असतील.

पहिलं वाक्य मंत्र्यांच्या भाषणात गेलं आणि दुसरं अहवालातच राहिलं. मे १९९० मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीला बीफबर्गर खाऊ घालायचा प्रयत्न केला. बघा, सगळं ठीक आहे! आणि २० मार्च १९९६ ला त्याच सरकारला संसदेत सांगावं लागलं की माणसांमध्ये दिसलेल्या एका नव्या प्राणघातक आजाराचा बीएसईशी संबंध असण्याचा दाट संभव आहे. त्या आजाराने ब्रिटनमध्ये १७८ माणसं गेली.

लॉर्ड फिलिप्स यांच्या चौकशीचा अहवाल ऑक्टोबर २००० मध्ये आला. सरकार जनतेशी खोटं बोललं नव्हतं, असं त्यांनी म्हटलं. पण लोक घाबरतील या भीतीने धीर देण्याची जी मोहीम चालवली, ती चूक होती. खरी माहिती बाहेर आली तेव्हा आपली फसवणूक झाली असं लोकांना वाटलं आणि विश्वास गेला. लॅबमध्ये रीडिंगपुढे "±" लिहिलं नाही तर सर जर्नल परत करतात, पण भाषणातून ते "±" गाळलं तर परत पाठवणारं कोणी नसतं.

सेज कसं चालतं?

या अनुभवांतून ब्रिटनने हळूहळू एक पद्धत बसवली. तिचं नाव सेज, म्हणजे आणीबाणीसाठीचा वैज्ञानिक सल्लागार गट. हा कायमचा गट नाही. संकट आलं की बोलावतात, आणि कोणाला बोलवायचं ते संकटाच्या प्रकारावर ठरतं. २००९ च्या स्वाइन फ्लूला तो पहिल्यांदा बसला. मग २०१० ची आइसलंडच्या ज्वालामुखीची राख, २०११ चं फुकुशिमा, २०१४ चा इबोला. अध्यक्षपद सरकारच्या मुख्य वैज्ञानिक सल्लागाराकडे असतं आणि आरोग्याचा प्रश्न असेल तर मुख्य वैद्यकीय अधिकारी जोडीला असतात.

काम साधारण असं चालतं. सरकारकडून प्रश्न येतो. तो उपगटांकडे जातो: एक गणिती मॉडेल करणाऱ्यांचा, एक लोकांच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्यांचा, एक श्वसनाच्या नव्या विषाणूंचा. मॉडेलवाल्या उपगटात अनेक विद्यापीठांचे गट आपापली मॉडेलं वेगवेगळी चालवतात आणि मग उत्तरं जुळतात का ते पाहतात. म्हणून कोविडमध्ये त्यांचा "आर" हा एक आकडा नसायचा, "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असा पट्टा असायचा. शेवटी एक एकत्रित टिपण तयार होतं आणि निष्कर्षाबद्दल किती खात्री आहे तेही त्यात लिहितात. ते टिपण मंत्र्यांच्या आणीबाणी समितीकडे जातं. सेज सल्ला देतं, सही मंत्री करतात.

कागदावर झकास! पण कोविडमध्ये काय झालं पाहा. सेजची पहिली बैठक २२ जानेवारी २०२० ला झाली. मंत्री रोज टीव्हीवर "आम्ही विज्ञानाच्या मागे चाललोय" असं सांगत होते, पण सेजमध्ये कोण बसतं हे मात्र गुपित होतं. एप्रिलमध्ये एका वृत्तपत्राने बातमी फोडली की पंतप्रधानांचे राजकीय सल्लागार डॉमिनिक कमिंग्जही त्या बैठकांना असतात. एकच गदारोळ झाला. पूर्वी मुख्य वैज्ञानिक सल्लागार राहिलेल्या डेव्हिड किंग यांनी सरळ वेगळं "स्वतंत्र सेज" काढलं आणि ४ मे ला त्याची बैठक सगळ्यांना पाहता येईल अशी भरवली. त्याच दिवशी सरकारनेही खऱ्या सेजच्या सदस्यांची नावं जाहीर केली. महिन्याच्या अखेरीस जुन्या बैठकांची इतिवृत्तंही बाहेर आली.

इतिवृत्तं बाहेर आल्याने काय फरक पडतो? २१ सप्टेंबर २०२० च्या बैठकीत सेजने विचार करण्याजोग्या उपायांची यादी दिली. त्यात पहिलाच उपाय थोड्या दिवसांच्या कडक टाळेबंदीचा होता. सरकारने त्यातला मोठा भाग घेतला नाही. १२ ऑक्टोबरला ते इतिवृत्त प्रसिद्ध झालं. ५ नोव्हेंबरपासून इंग्लंडमध्ये टाळेबंदी लागलीच. सरकारचं सप्टेंबरमध्ये चुकलं की बरोबर होतं, यावर दोन मतं असू शकतात, कारण टाळेबंदीचीही किंमत असते. पण "आम्ही तज्ज्ञ सांगतात तेच करतोय" असं मात्र १२ ऑक्टोबरनंतर कोणाला म्हणता येईना. निर्णय ज्याचा होता, त्याच्या नावावर लागला. कागद उघड करण्याचा खरा उपयोग हाच.

टेबलाभोवती कोण नाही?

आता जरा आपल्या जवळचा मुद्दा. कोविड पसरतो कसा? सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेचा भर खोकल्या-शिंकेतून उडणाऱ्या मोठ्या थेंबांवर आणि हात लागणाऱ्या पृष्ठभागांवर होता. २८ मार्च २०२० ला तर संघटनेने "कोविड हवेतून पसरत नाही" असं जाहीरपणे सांगितलं. म्हणून आपण भाजी धुतली, पार्सलवर सॅनिटायझर मारला आणि खिडक्या बंद करून बसलो.

जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिलं की बारीक कण खोलीत बराच वेळ तरंगतात, वायुवीजनाकडे लक्ष द्या. या प्रयत्नात पुढे होत्या लिडिया मोरावस्का. त्या डॉक्टर नाहीत, हवेतल्या कणांचा अभ्यास करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ आहेत. सही करणाऱ्यांत इंजिनिअरही होते. कण किती मोठा असला की खाली पडतो आणि किती लहान असला की तरंगतो, हा प्रश्न फ्लुइड मेकॅनिक्सचा आहे. पण संसर्ग नियंत्रणाच्या टेबलाभोवती या विषयाची माणसं फारशी नव्हती. संघटनेच्या माहितीपत्रकात हवेतून होणाऱ्या प्रसाराचा स्पष्ट उल्लेख यायला २०२१ उजाडलं.

ब्रिटनच्या कोविड चौकशीचा पहिला अहवाल जुलै २०२४ मध्ये आला. त्यातही हाच सूर आहे. देशाने तयारी केली होती ती फ्लूची, आणि सल्लागार एकाच पद्धतीने विचार करत राहिले. उपाय म्हणून त्यांनी "रेड टीम" सुचवली. म्हणजे ठरलेल्या योजनेत भोकं शोधणं हेच ज्यांचं काम, अशी बाहेरची माणसं. सॉफ्टवेअरवाल्यांना टेस्टर म्हटलं की लगेच कळेल.

दोन वेगळी टोकं

सगळेच देश ब्रिटनसारखं करत नाहीत. स्वीडनमध्ये सरकारी संस्था मंत्र्यांपासून बऱ्याच स्वतंत्र असतात आणि मंत्र्यांनी त्यांच्या कामात ढवळाढवळ करायची नसते. त्यामुळे कोविडमध्ये तिथला चेहरा पंतप्रधानांपेक्षा सार्वजनिक आरोग्य संस्थेचे अँडर्स टेग्नेल यांचाच जास्त होता. वरवर पाहता वाटेल, व्वा, शास्त्रज्ञांच्या हाती कारभार! पण तिथल्या चौकशी आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारलाच सुनावलं की तुम्ही एका संस्थेच्या मतावर फार विसंबलात, नेतृत्व तुम्ही करायला हवं होतं. म्हणजे चौकटी उलट्या बाजूनेही मिसळू शकतात.

दुसरं टोक जागतिक आरोग्य संघटनेचं. २०२२ मध्ये मंकीपॉक्सची जागतिक आणीबाणी जाहीर करायची की नाही, यावर तिच्या तज्ज्ञ समितीचं एकमत होईना. ९ जण विरुद्ध होते, ६ बाजूने. तरीही २३ जुलैला महासंचालक टेड्रोस यांनी आणीबाणी जाहीर केली, आणि समितीत मतभेद होते हेही त्यांनी लपवलं नाही. निर्णय आवडो न आवडो, सही कोणाची ते स्वच्छ दिसलं.

आपल्याकडे

भारतात माणसांची किंवा संस्थांची कमतरता नाही. संशोधनासाठी आयसीएमआर आणि तिची पुण्यातली एनआयव्ही, साथींवर नजर ठेवायला दिल्लीचं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र, लसीकरणासाठी २००१ पासूनचा तांत्रिक सल्लागार गट, कोविड लशीसाठी ऑगस्ट २०२० मध्ये नेमलेला डॉ. व्ही. के. पॉल यांचा गट, विषाणूचे बदल शोधायला डिसेंबर २०२० चं इन्साकॉग. महाराष्ट्राने एप्रिल २०२० मध्ये डॉ. संजय ओक यांच्या अध्यक्षतेखाली स्वतःचा टास्क फोर्स नेमला. चौकटी भरपूर. प्रश्न आहे तो मधल्या वायरींचा.

प्लाझ्माचंच उदाहरण घ्या. बऱ्या झालेल्या रुग्णाचा प्लाझ्मा दिला तर दुसऱ्या रुग्णाला फायदा होतो का, हे तपासायला आयसीएमआरने २२ एप्रिल ते १४ जुलै २०२० या काळात ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली. एवढ्या धामधुमीत, एवढ्या लवकर अशी चाचणी करणं ही अभिमानाची गोष्ट होती. उत्तर मिळालं की आजार गंभीर होणं किंवा मृत्यू, दोन्ही प्लाझ्माने कमी होत नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये ते नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आलं. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या खूप मोठ्या चाचणीतही फायदा दिसला नाही.

आणि एप्रिल २०२१ मध्ये आपल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर काय येत होतं आठवतंय? "अर्जंट, बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवा आहे." आमच्या आईने शेजारच्या काकांसाठी एका संध्याकाळी तीसेक फोन केले असतील. काका सुदैवाने बरे होऊन आले. पण ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांच्या मनात "प्लाझ्मा वेळेत मिळाला असता तर" ही टोचणी राहिली. राष्ट्रीय उपचार सूचनांमधून प्लाझ्मा १७ मे २०२१ ला वगळला गेला. पुरावा ऑक्टोबरचा, तोही आपल्याच रुग्णालयांतला. सूचना मे महिन्याची. मधले सात महिने वायरीत गेले. आणि त्या टोचणीला खरं तर आधार नव्हता, हे सांगायला त्या घरांत कोणी गेलंच नाही.

तुलनेसाठी एक दृश्य सांगतो. १० डिसेंबर २०२० ला अमेरिकेत फायझरच्या लशीवर सल्लागार समितीची दिवसभर बैठक झाली. कागदपत्रं आधीच प्रसिद्ध केली होती आणि चर्चा कोणालाही थेट पाहता येत होती. मत विरुद्ध देणारे ४, बाजूने १७, तटस्थ १. आपल्याकडे औषध नियंत्रकांच्या तज्ज्ञ समितीच्या शिफारशी वेबसाइटवर येतात, पण त्या थोडक्यात असतात, त्यामागचा वाद दिसत नाही. अर्थात अमेरिकेत सगळं आलबेल आहे असंही समजू नका. जून २०२५ मध्ये तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी लसीकरणाच्या दुसऱ्या एका सल्लागार समितीतले सगळेच्या सगळे १७ सदस्य एका झटक्यात काढून टाकले. खिडकी उघडी असली तरी खोलीत कोणाला बसवायचं, हे एकाच माणसाच्या हातात असून भागत नाही.

पुढच्या वेळी विचारायचे पाच प्रश्न

पुढची साथ येणार हे नक्की, कधी ते कोणाला माहीत नाही. तेव्हा टीव्हीवर पुन्हा "तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार" ऐकू येईल. त्या वेळी हे पाच प्रश्न जवळ ठेवा.

१. तज्ज्ञांना नेमका प्रश्न काय विचारला होता? "शाळा उघडाव्यात का?" आणि "शाळा उघडल्या तर रुग्ण किती वाढतील?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर तज्ज्ञ देतील, पहिल्याचं सरकारने द्यावं.

२. टेबलाभोवती कोण होतं, आणि कोण नव्हतं?

३. त्यांना किती खात्री होती? "±" कुठे गेलं?

४. सल्ल्याचा कागद कुठे वाचायला मिळेल, आणि किती दिवसांत?

५. काय दिसलं तर हा निर्णय बदलेल? आणि तो बदलण्याची सही कोण करेल?

ही उत्तरं मिळाली म्हणजे निर्णय बरोबरच असेल असं नाही. पण चुकला तर कुठे चुकला ते सापडेल, आणि पुढच्या वेळी तीच चूक होणार नाही. आपण फॉल्ट फाइंडिंग करतो तेव्हा प्रत्येक चौकटीच्या आउटपुटला मीटर लावता यावा म्हणून टेस्ट पॉइंट ठेवतो ना, तसंच.

आणि मंडळी, हे प्रश्न फक्त टीव्ही पाहणाऱ्यांसाठी नाहीत. आपल्यातलं कोणी उद्या वॉर्डातल्या पाण्याच्या नमुन्यांचा डेटा सांभाळेल, कोणी हॉस्पिटलच्या हवेशीरपणाचं डिझाइन करेल, कोणी मॉडेल चालवेल, आणि कधीतरी एखाद्या घाईच्या बैठकीत आपल्याकडे पाहून विचारलं जाईल, "इंजिनिअरसाहेब, एका वाक्यात सांगा, धोका आहे की नाही?" त्या वेळी आकडा सांगा, त्यापुढचं "±" सांगा, आणि ते लेखी द्या. जर्नलमध्ये आपण ऑब्झर्व्हेशन, रिझल्ट आणि कन्क्लुजन वेगवेगळ्या मथळ्यांखाली लिहितो. सबमिशनच्या आदल्या रात्री ती निव्वळ कटकट वाटते. पण तीच सवय त्या बैठकीत आपल्यालाही वाचवेल आणि आपल्या आकड्यावर ज्यांचा जीव अवलंबून आहे, त्यांनाही.